काढलेले मंत्र, पाळलेले मॉन्स्टर

निन्टेन्डो डीएस या दोन पडद्यांच्या, हातात मावणाऱ्या यंत्रावर २००६ साली आलेल्या ‘लॉस्टमॅजिक’ या खेळाचा गेल्या अंकात ओझरता उल्लेख झाला होता. स्टायलसने, म्हणजे यंत्रासोबतच्या प्लॅस्टिकच्या लेखणीने, पडद्यावर चिन्ह काढायचे, त्यातून मंत्र सोडायचा आणि त्याच वेळी आपल्या ताब्यातल्या मॉन्स्टरांची फौज चालवायची, असे त्याचे स्वरूप आहे. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : परदेशातून आलेल्या नातेवाईकांनी भाच्याला जुने डीएस आणि त्यासोबत ‘लॉस्टमॅजिक’चे कार्ड दिले आहे. भाचा म्हणतो की हा पोकेमॉनसारखाच खेळ आहे. तसे आहे का? आणि इतक्या वर्षांनी तो खेळण्याजोगा आहे का? (एक वाचक, सांगली)

मॉन्स्टर पकडून आपल्या बाजूने लढवणे एवढेच दोहोंतले साम्य आहे. १९९६ साली सुरू झालेल्या पोकेमॉनच्या मूळ खेळांत लढाई पाळीपाळीने चालते. तुम्ही चाल ठरवेपर्यंत समोरचा थांबतो, आणि साधारणपणे एका वेळी एकच प्राणी मैदानात असतो. ‘लॉस्टमॅजिक’मध्ये कोणीही कोणासाठी थांबत नाही. मैदान वरून दिसते, त्यावर तुमचा नायक, तुमचे मॉन्स्टर आणि शत्रूचे मॉन्स्टर एकाच वेळी हलत असतात, आणि हे सारे खालच्या स्पर्शपडद्यावर स्टायलसनेच चालवावे लागते. मॉन्स्टरांभोवती रेघेने वेढा घातला की ते निवडले जातात, मग जिथे टेकवाल तिथे ते निघतात. संगणकावर माउसने फौजा हलवण्याचे जे खेळ १९९०च्या दशकात लोकप्रिय झाले, त्यांच्याशी याचे नाते पोकेमॉनपेक्षा जवळचे आहे.

खेळ टायटो आणि गराकुता स्टुडिओ या जपानी संस्थांनी तयार केला. टायटो म्हणजे १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ काढणारी कंपनी, हे जुन्या वाचकांना सांगायला हरकत नाही. जपानमध्ये तो जानेवारी २००६ मध्ये आला आणि त्याच वर्षी युबिसॉफ्टने तो अमेरिका आणि युरोपात इंग्रजीत प्रकाशित केला. कथेत आयझॅक हा तरुण जादूगार, त्याच्या सोबतीला ट्रिस्टा, आणि ऋषितुल्य जादूगारांकडे असलेल्या जादूच्या कांड्यांवर डोळा ठेवून असलेली ‘डिव्हा ऑफ द ट्वायलाइट’ अशी पात्रे आहेत. कथा बेताचीच आहे. तिच्यासाठी हा खेळ कोणी लक्षात ठेवलेला नाही.

लक्षात राहतात ती चिन्हे, ज्यांना खेळात ‘रून’ म्हटले आहे. अग्नी, जल, वायू, पृथ्वी, प्रकाश आणि अंधार अशा सहा तत्त्वांत ती विभागलेली आहेत आणि एकूण १८ आहेत. सुरुवातीला एका वेळी एकच चिन्ह काढता येते, पुढे दोन चिन्हे एकामागून एक काढून जोडमंत्र करता येतो, आणि त्याही पुढे तीन. अठरा चिन्हांच्या क्रमवार जोड्याच ३२४ होतात, त्यात एकेरी १८ मिळवली की ३४२. त्यामुळे प्रकाशकाने चारशेहून अधिक मंत्रांची जाहिरात केली, ती अतिशयोक्ती नव्हती. प्रत्यक्षात मात्र हाताला वळण लागते ते दहा-पंधरा मंत्रांचेच, आणि बहुतेक खेळाडू तेवढ्यावरच अखेरपर्यंत पोहोचतात. उरलेले मंत्र हे रिकाम्या वेळी करून पाहण्याचे प्रयोग असतात, आणि भाच्याला तसा नाद असेल तर खेळ आजही नक्की खेळण्याजोगा आहे.

प्रश्न : मी चिन्ह काढण्यात गुंतलो की तेवढ्यात माझे मॉन्स्टर मारले जातात, आणि मॉन्स्टरांकडे पाहत बसलो की शत्रू थेट आयझॅकपर्यंत येतो. हा माझा दोष की खेळाचा? (एक महाविद्यालयीन वाचक, नाशिक)

थोडा तुमचा असेल, बराचसा खेळाचा आहे, आणि माझ्या मते हा दोष काढून टाकला असता तर खेळात फारसे काही उरले नसते.

नीट पाहिले तर येथे स्टायलस तीन कामे करतो. तो नायकाला चालवतो, मॉन्स्टरांना हुकूम देतो आणि चिन्ह काढतो. हात एकच, लेखणी एकच आणि स्पर्शपडदाही एकच. म्हणून यांपैकी एक काम करताना दुसरी दोन बंद पडतात. चिन्ह काढण्यासाठी फलक उघडला की आयझॅक जागीच उभा राहतो, फौजेला नवा हुकूम देता येत नाही, आणि मैदानावरची लढाई मात्र चालूच राहते. ज्या हाताने पोळी लाटायची त्याच हाताने तव्यावरचीही उलटायची, अशी ही कसरत आहे. कोणती पोळी करपू द्यायची हे आधी ठरवावे लागते.

याच सुमारास, म्हणजे २००६ मध्येच, कॅपकॉमचा ‘ओकामी’ हा खेळ प्लेस्टेशन २ वर आला. त्यातही कुंचल्याने चिन्ह काढून चमत्कार घडवायचे असतात, पण कुंचला हाती घेताच सारे जग थांबते आणि पडदा जणू चित्राचा कागद होतो. खेळाडूला शांतपणे, हवे तेवढे जपून काढता येते. तेथील चिन्ह काढणे सुंदर आहे, परंतु त्यासाठी वेळेची किंमत मोजावी लागत नाही. ‘लॉस्टमॅजिक’मध्ये प्रत्येक मंत्राची किंमत वेळात मोजली जाते. तीन चिन्हांचा मंत्र एका चिन्हाच्या मंत्राहून प्रबळ असतो, पण तेवढा वेळ तुमची फौज तुमच्याविना लढत असते. एखादा सेनापती स्वतः तलवार घेऊन पुढे झाला की मागच्या फळीला हुकूम देणारा कोणी उरत नाही, ही जुनीच पेचाची गोष्ट येथे एका प्लॅस्टिकच्या काडीत आणून बसवली आहे, आणि मला तरी हे या खेळाचे सर्वांत हुशारीचे अंग वाटते.

तरीही तुमची तक्रार खोटी नाही. मैदानावरच्या आकृती लहान आहेत, गर्दी झाली की हवा तो मॉन्स्टर वेढ्यात घेणे अवघड जाते, आणि मॉन्स्टर आपल्या वाटेत आपणच अडकतात. त्या काळच्या समीक्षकांनीही कल्पनेचे कौतुक केले आणि फौज हाताळण्याच्या या गैरसोयींवर बोट ठेवले. यावर उपाय म्हणून एवढे करून पाहा : लढाई सुरू होताच, शत्रू जवळ येण्यापूर्वी, मॉन्स्टरांना चिंचोळ्या वाटेच्या तोंडाशी उभे करावे आणि आयझॅकला त्यांच्या बरेच मागे ठेवावे. त्यामुळे चिन्ह काढताना फौजेला नवा हुकूम देण्याची गरजच कमी पडते. लांबचे, दोन-तीन चिन्हांचे मंत्र शत्रू दूर असताना वापरावेत. तो अंगावर आल्यावर एकच चिन्ह, पण ठसठशीत काढावे. आणि एखादा शत्रू-मॉन्स्टर पकडून आपल्यात आणायचा असेल तर त्याला आधी दुबळे करून मगच सापळ्याचा मंत्र वापरावा. त्या वेळी आपल्या फौजेला थोडे मागे घ्यावे, नाहीतर तुम्ही चिन्ह काढत असताना तीच त्याला संपवून टाकते.

प्रश्न : आम्ही कशीही वाकडीतिकडी रेघ ओढली तरी यंत्राला ते कोणते चिन्ह आहे हे कसे कळते? इतक्या जुन्या यंत्रात कृत्रिम बुद्धिमत्ता होती का? (शाळेतील एक शिक्षिका, रत्नागिरी)

आज ज्याला आपण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो तशी कोणतीही व्यवस्था त्या यंत्रात मावलीच नसती. डीएसच्या मुख्य प्रोसेसरचा वेग ६७ मेगाहर्ट्झ होता आणि मुख्य स्मृती ४ मेगाबाइट. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या खिशातले फोन याच्या हजारो पटींनी समर्थ आहेत. सुदैवाने हाताने काढलेले साधे चिन्ह ओळखायला फार मोठ्या बुद्धीची गरज नसते. शाळेच्या भूमितीवर भागते.

पहिला टप्पा पडद्याचा आहे. डीएसचा खालचा पडदा दाबाने चालतो. वर लवचिक आणि खाली कडक असे दोन वीजवाहक थर असतात, त्यांच्यामध्ये बारीक फट असते, आणि स्टायलसच्या टोकाने दाबले की त्या बिंदूशी ते एकमेकांना टेकतात. तेथे मिळणाऱ्या विद्युतदाबावरून यंत्र आधी आडवे आणि मग उभे अंतर काढते. म्हणूनच तो पडदा नखानेही चालतो, मात्र एका वेळी एकच बिंदू त्याला समजतो. आपल्या फोनचे पडदे याहून वेगळे आहेत. ते बोटाच्या विद्युतगुणामुळे चालतात आणि त्यांना साधी प्लॅस्टिकची काडी कळतच नाही.

दुसऱ्या टप्प्यात रेघेचे बिंदू होतात. २५६ गुणिले १९२ ठिपक्यांच्या त्या पडद्यावर तुम्ही वर्तुळ काढता तेव्हा यंत्राला वर्तुळ दिसत नाही. त्याच्याकडे फक्त, सेकंदाला अनेकदा नोंदलेली, टोकाची ठिकाणे असतात. हात भराभर फिरला तर हे बिंदू दूर दूर पडतात, वळणावर हात मंदावला तर दाटीवाटीने येतात. म्हणून अशा प्रकारच्या ओळखपद्धतीत सहसा पहिले काम असते ते संपूर्ण रेघेवर सारख्या अंतरावर ठराविक संख्येचे बिंदू नव्याने मांडण्याचे. मग सर्व बिंदूंचा मध्य शून्यावर आणायचा, आकार लहानमोठा करून ठराविक चौकटीत बसवायचा, आणि आधीच साठवून ठेवलेल्या प्रत्येक नमुन्याशी पहिला बिंदू पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी असे करत सर्व अंतरांची सरासरी काढायची. ज्या नमुन्याशी सरासरी अंतर सर्वांत कमी, ते तुमचे चिन्ह.

ही रीत किती साधी आहे हे २००७ साली वॉब्रॉक, विल्सन आणि ली या संशोधकांनी दाखवले. त्यांची ‘वन डॉलर’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत रेघेवर ६४ बिंदू मांडते, शंभरेक ओळींच्या आज्ञावलीत बसते, आणि त्यांच्या चाचण्यांत प्रत्येक चिन्हाचा एकच नमुना दिला तरी तिने ९७ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळख दिली. त्याआधीही या दिशेने बरेच काम झाले होते. झेरॉक्सच्या पार्क या संशोधनकेंद्रात १९९३च्या सुमारास एका रेघेत लिहिता येणारी अक्षरमाला मांडली गेली. १९९६च्या पाम पायलट या खिशातल्या संगणकावर तर लोकांनी यंत्राच्या सोयीसाठी ‘ग्राफिटी’ नावाची वेगळी लिपीच शिकून घेतली. माणसाने यंत्रासाठी अक्षर बदलावे की यंत्राने माणसाचे अक्षर वाचावे, हा त्या काळातला मोठा वाद होता. मंत्रांच्या खेळाने त्यातून मजेदार वाट काढली, कारण जादूगाराला गूढ चिन्हे शिकावी लागतात याबद्दल कोणी कुरकुर करत नाही.

येथे एक बारकावा सांगण्याजोगा आहे. लेखन ओळखणाऱ्या साध्या प्रणालीत चिन्ह ठरले की काम संपते. तुमचे अक्षर नमुन्यापासून किती दूर होते हा आकडा फेकून दिला जातो. ‘लॉस्टमॅजिक’मध्ये चिन्ह जितके नेटके, तितका मंत्र प्रबळ. म्हणजे जो आकडा इतरत्र निरुपयोगी ठरतो त्याचीच येथे शक्ती केली आहे, आणि घाई केली तर चिन्ह बिघडते, सावकाश काढले तर फौज बिघडते, ही वरच्या उत्तरातली ओढाताण त्यातून अधिकच घट्ट होते.

प्रश्न : पुस्तिकेत दाखवले आहे अगदी तसेच काढूनही चिन्ह ओळखले जात नाही, किंवा मंत्र दुबळाच लागतो. काय करावे? (दोन पत्रे, पुणे आणि बेळगाव)

आधी यंत्र तपासावे, मग हात. जुन्या डीएसमध्ये स्पर्शपडद्याचे मोजमाप कालांतराने सरकते. तुम्ही टेकवता एका ठिकाणी आणि यंत्र नोंदते थोडे बाजूला. यंत्र सुरू केल्यावर दिसणाऱ्या सेटिंग्जच्या यादीत स्पर्शपडदा जुळवून घेण्याची सोय आहे. पडद्यावर येणाऱ्या खुणांच्या नेमक्या मध्यावर स्टायलस टेकवून ती पूर्ण करावी. त्या वेळी यंत्र टेबलावर सपाट ठेवावे, कारण हातात धरल्यावर टोक नकळत तिरके होते. पडद्यावर चिकटवलेला जुना, फुगे आलेला पातळ कागद असल्यास तो काढून टाकावा. मूळ स्टायलस हरवला म्हणून रिफिल संपलेले बॉलपेन वापरणारे पुष्कळ आहेत. ते धातूचे टोक वरच्या मऊ थरावर कायमचे चरे पाडते, आणि एकदा चरा पडला की त्या जागी रेघ तुटू लागते. डीएस लाइटचा स्टायलस आधीच्या डीएसपेक्षा लांब आणि जाड असल्याने मोठ्यांच्या हाताला तो सोयीचा पडतो.

यंत्र ठीक असेल तर रेघेची सुरुवात आणि दिशा पाहावी. वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे पहिला बिंदू पहिल्याशी जुळवला जात असेल, तर उजवीकडून काढलेले वर्तुळ आणि डावीकडून काढलेले वर्तुळ डोळ्याला सारखेच दिसले तरी हिशेबात ती दोन वेगळी चिन्हे असतात. खेळ चिन्ह शिकवताना रेघ जेथून सुरू करून दाखवतो तेथूनच सुरू करावी. आणि चिन्ह फलकभर मोठे काढावे. लहान चिन्हात हाताचा किंचितसा कंपही आकाराच्या मानाने मोठा ठरतो.

प्रश्न : माझी मुलगी डावखुरी आहे. तिला हा खेळ जमेल का? (एक पालक, मडगाव)

जमेल. स्टायलस कोणत्याही हातात धरता येतो. डाव्या हाताने काढताना पडद्याचा डावा भाग झाकला जाईल, म्हणून तिने फौज शक्यतो मैदानाच्या उजव्या बाजूस ठेवावी. डावखुऱ्या मुलांचा हात वर्तुळ काढताना सहजपणे उलट दिशेने जातो, त्यामुळे गोल वळणाची चिन्हे सुरुवातीला चुकतील. त्यावर सरावाखेरीज उपाय नाही, पण तेवढ्यासाठी तिला हात बदलायला मात्र लावू नये.

प्रश्न : नातू दिवसभर पडद्यावर मंत्रतंत्र आणि राक्षस घेऊन बसलेला असतो. याचा मनावर वाईट परिणाम तर होणार नाही ना? सून म्हणते की निदान त्याचे अक्षर तरी सुधारेल. (एक आजी, सातारा)

आजी, मंत्रांची काळजी करू नये. खेळातली चिन्हे कोणत्याही उपासनेची किंवा साधनेची नाहीत. ती भूमितीच्या आकृत्यांसारखी आहेत आणि खेळ बंद केला की त्यांचा उपयोग संपतो. राक्षसही कार्टूनमधल्यासारखे लहान आहेत. आपल्याकडच्या कथांतून वेताळ, हडळ आणि राक्षस ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला त्यांचे नावीन्य वाटायला नको.

काळजी करण्यासारखे आहे ते ‘दिवसभर’ हा शब्द. निन्टेन्डोच्या स्वतःच्या सूचनापत्रकांत दर तासाला दहा ते पंधरा मिनिटांची विश्रांती घ्यावी, थकवा जाणवत नसला तरीही घ्यावी, असे छापलेले असते. हात, मनगट किंवा डोळे दुखू लागले तर खेळ थांबवून बराच वेळ विश्रांती घ्यावी, असेही त्यात आहे. या खेळात बोटांनी काडी घट्ट धरून एकसारख्या रेघा ओढाव्या लागतात, त्यामुळे मनगटाची सूचना येथे विशेष लागू पडते. नातवाला वेळ ठरवून द्यावी आणि ती लढाई संपल्यावर थांबण्याची द्यावी. मध्येच यंत्र ओढून घेतल्यास जो आरडाओरडा होईल त्यात राक्षसांचा काही दोष नसेल.

अक्षर मात्र सुधारणार नाही. गुळगुळीत पडद्यावर अठरा आकृत्या पुन्हा पुन्हा काढणे आणि कागदावर ओळीत, सारख्या अंतराने, जोडाक्षरांसह लिहिणे यांत फार फरक आहे. त्यासाठी दुरेघी वहीच बरी.

प्रश्न : इंटरनेटवरून दुसऱ्या खेळाडूशी लढण्याचा पर्याय चालत नाही. तसेच जुने कार्ड विकत घेताना काय पाहावे? आधीच्या मालकाचा खेळ त्यात राहतो का? (एक वाचक, ठाणे, आणि इतर)

इंटरनेटवरची लढाई आता होणार नाही. डीएसच्या खेळांसाठी निन्टेन्डोने २००५ साली सुरू केलेली वाय-फाय सेवा २० मे २०१४ रोजी बंद झाली. काही जण घरचे वाय-फाय जुन्या, कमकुवत सुरक्षापद्धतीवर आणून यंत्र जोडण्याचा खटाटोप करतात, कारण त्या काळचे डीएस आजच्या पद्धती ओळखत नाही. तसे करू नये. सेवाच नसताना घरचे जाळे उघडे टाकून काही हाती लागत नाही. शेजारी बसून दोन यंत्रांवर खेळण्याला मात्र इंटरनेट लागत नाही.

डीएसच्या कार्डांवर देशाचे बंधन नसते, म्हणजे अमेरिकेतले कार्ड येथल्या किंवा जपानच्या डीएसवर चालते. निन्टेन्डो ३डीएसवरही ते चालते. फक्त जपानी आवृत्तीतला मजकूर जपानी असतो, हे विकत घेण्याआधी पाहावे. अस्सल कार्डाच्या कागदी पट्टीवर एनटीआरपासून सुरू होणारा क्रमांक असतो. तो नसेल किंवा छपाई फिकट, पुसट असेल तर सावध व्हावे. आधीच्या मालकाचा खेळ बहुधा शाबूत असतो. जुन्या गेम बॉयच्या कार्ट्रिजांत ही नोंद छोट्या बॅटरीवर टिकत असे आणि बॅटरी संपली की जात असे. डीएसच्या बहुतेक कार्डांत ती अशा स्मृतीत असते जिला बॅटरी लागत नाही. नवा खेळ सुरू करण्यापूर्वी जुना एकदा उघडून पाहावा. कोणी तरी मेहनतीने जमवलेली फौज आयती मिळते आणि तीन चिन्हांचे मंत्र काय करतात हे पहिल्याच दिवशी दिसते. शिकण्यासाठी मात्र आपला खेळ पहिल्यापासूनच सुरू करावा.

प्रश्न : आमच्याकडे डीएस नाही. चिन्हे काढून जादू करण्याचे आणखी कोणते खेळ आहेत? (एक वाचिका, डोंबिवली)

सर्वांत सोपा आणि फुकट म्हणजे गूगलने २०१६च्या हॅलोविनला मुखपृष्ठावर ठेवलेला ‘मॅजिक कॅट अकॅडमी’. त्यात मोमो नावाची काळी मांजर आहे; भुतांच्या डोक्यावर दिसणारी चिन्हे माउसने किंवा बोटाने काढली की भुते पळतात. गूगलच्या डूडल-संग्रहात तो आजही खेळता येतो. २०२० साली त्याचा पाण्याखाली घडणारा दुसरा भागही आला. फौज नाही, हुकूम नाहीत. पण घाईत काढलेले चिन्ह आणि अंगावर येणारे भूत यांतली चुरस त्यात नेमकी पकडली आहे. संगणकावर २००२ साली आलेला ‘आर्क्स फेटालिस’ माउसने हवेत चिन्हे काढायला लावतो. तो मोठ्यांसाठीचा आणि जरा खडतर खेळ आहे.

डीएसवरच २००५ साली आलेल्या ‘कॅसलव्हेनिया : डॉन ऑफ सॉरो’मध्ये प्रत्येक मोठ्या शत्रूला हरवल्यावर पडद्यावर एक मुद्रा काढून तो बंद करावा लागे, आणि ती चुकली तर शत्रू पुन्हा थोडा सावरून उठे. ही कल्पना मला कधीच पटली नाही. सारा खेळ बटणांवर खेळायचा आणि ऐन शेवटी काडी शोधायची, हे वरून चिकटवल्यासारखे वाटते. २०२४ साली हा खेळ नव्या यंत्रांसाठी पुन्हा काढताना कोनामी या त्याच्या कंपनीने त्या मुद्रांच्या जागी बटणांचा क्रम ठेवला, आणि कोणाचे काही बिघडले नाही. ‘लॉस्टमॅजिक’मधून चिन्हे काढून बटणे ठेवली तर खेळच नाहीसा होईल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोनसाठी असाच खेळ करायचा आहे, पण त्यात देवनागरी अक्षरे काढून मंत्र सोडायचे असावेत असे वाटते. हे कितपत शक्य आहे? (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

शक्य आहे, परंतु अक्षरे निवडताना कठोर व्हावे लागेल. देवनागरीत अनेक अक्षरांच्या जोड्या एका छोट्या रेघेने किंवा गाठीने वेगळ्या होतात. व आणि ब यांत पोटातली एक तिरकी रेघ, म आणि भ यांत, तसेच घ आणि ध यांत डाव्या बाजूचे थोडेसे वळण. वाचताना आपण संदर्भाने ओळखतो. लढाईच्या घाईत काढलेल्या अक्षराला संदर्भ नसतो. सरासरी अंतराच्या हिशेबात एवढा फरक हाताच्या कंपातच बुडून जातो, आणि खेळाडूला अग्नी हवा असताना पाणी आले की तो खेळ फोनमधून काढून टाकेल. ग, ठ, ळ, ह अशी एकमेकांपासून दूर असलेली दहा-बारा अक्षरे घेऊन सुरुवात करावी.

दुसरी अडचण रेघांच्या संख्येची. ‘वन डॉलर’ पद्धत एकाच अखंड रेघेसाठी आहे, आणि देवनागरी अक्षर आपण दोन-तीन वेळा हात उचलून काढतो. त्यातही कोणी आधी काना काढतो, कोणी नंतर. याच घराण्यातली २०१० सालची ‘एन’ पद्धत अनेक रेघा जोडून त्यांचे सर्व संभाव्य क्रम तपासते. २०१२ सालची ‘पी’ पद्धत तर रेघांचा क्रम आणि दिशा सोडूनच देते आणि अक्षराकडे केवळ बिंदूंचा पुंजका म्हणून पाहते. तुमच्या कामाला ‘पी’ अधिक योग्य वाटते. तिन्हींच्या आज्ञावली खुल्या उपलब्ध आहेत. मूळ ‘वन डॉलर’ वापरायचीच असेल तर ती आकृती फिरवून पाहते हे ध्यानात ठेवावे. वरच्या दिशेचा बाण आणि खालच्या दिशेचा बाण तिला वेगळे वाटत नाहीत. तो फिरवण्याचा टप्पा तुम्हाला मर्यादित करावा लागेल.

शिरोरेघ काढायला लावूच नये. ती बहुतेक अक्षरांत सारखीच असल्याने ओळखीला फारशी मदत करत नाही, उलट अक्षरांना एकमेकांच्या जवळ आणते. मोडी लिहिताना रेघ आधीच पानभर आखलेली असे आणि अक्षरे तिच्याखाली, शक्य तो हात न उचलता, उतरत असत. तुम्हीही फलकावर रेघ आधीच छापून ठेवू शकता आणि खेळाडूने फक्त तिच्याखालचा भाग काढावा. मोडीची काही अक्षरे थेट घेण्याचाही विचार करावा. ती एका ओघात निघतात, म्हणजे साध्या पद्धतीलाही पेलतात, आणि आजच्या बहुतेक वाचकांना ती येत नसल्याने शिकण्याचा भाग आपोआपच खेळात येतो.

नमुने गोळा करताना केवळ वर्गमित्रांची अक्षरे घेऊ नयेत. लहान मुले, वयस्क माणसे आणि डावखुरे यांच्याकडून प्रत्येक अक्षर काही वेळा लिहून घ्यावे, आणि त्यांपैकी निम्मे नमुने बाजूला ठेवून चाचणी त्यांच्यावरच करावी. बोटाने काढलेली रेघ स्टायलसच्या रेघेपेक्षा जाड आणि ढोबळ येते, शिवाय बोट स्वतःच अक्षर झाकते. म्हणून फलक पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात ठेवून काढलेली रेघ वरच्या अर्ध्या भागात, मैदानाच्या कडेला, लहान आकारात उमटवून दाखवावी. डीएसला दुसरा पडदा होता. तुम्हाला तो एकाच पडद्यातून कापून काढावा लागेल.